पाठीमागचं शहर

सुरभीनं कच्चा चिवडा सांगितला. बंटीनं नवरात्रातली गर्दी सांगितली, चपला हातात घेऊन चालावं लागतं ती. वामनरावांनी पोट आत ओढून, केसांवरून हात फिरवून ‘इथली माणसं’ असं सांगितलं. सत्काराच्या प्रत्येक भाषणात ते हेच सांगतात आणि दर वेळी त्यांचा गळा तेवढाच दाटून येतो. मग राहिली गंगी राठोड. ती निळ्या पडद्यापुढं जाऊन उभी राहिली, कॉलरला माइक लावला, स्टँडवरच्या मोबाइलकडं पाहिलं, तोंड उघडलं, आणि तोंडातून काही आलं नाही. आवाज बसला होता असं नाही, ठसका लागला होता असंही नाही. सांगण्यासारखं काही आलंच नाही. जिल्हा परिषदेच्या रटाळ सभेवर न थांबता बोलणारी, मोर्चातल्या धुळीत कोणी मागून ढकलत असतानाही वाक्य पुरं करणारी बाई ‘मला यवतमाळमधलं आवडतं ते म्हणजे’ इथपर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली.

“अवो म्याडम, एवढा कायचा इचार करून राह्यल्या?” वामनराव म्हणाले. “स्थळ पाह्यले आले का कोनी? अर्ध्या मिनटात एक आवडती गोष्ट सांगाची हाय फक्त.”

“सांगते ना. दोन मिनिटं द्या.”

“घ्या. घरचंच हाय.”

हे असलं काही करायचं खूळ वामनरावांच्याच डोक्यातून निघालेलं. कोण्या मोठ्या शहरातल्या चॅनलवाल्यांनी म्हणे आपापल्या आवडीच्या जागा सांगितल्या आणि लोकांनी ते खूप पाहिलं. वामनराव मुळात केबलवाले. तरुणपणी खांबावर चढून वायरी ओढायचे, पुढं ‘चावडी’ चॅनल काढलं, हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. नवरात्रात मंडळांच्या मोठ्या पडद्यांवर जाहिरातींच्या मधूनमधून ‘चावडीची टीम सांगते, आपलं यवतमाळ’ असं फिरवायचं त्यांनी मंडळांशी पक्कं केलं होतं. माणसाला चार कामं कमी पडली की तो पाचवं उकरून काढतो, वामनराव तर सहावंही काढतात. पण त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. गंगीला राग यायला लागते ती ताकदही अलीकडं उरली नव्हती. उन्हाळ्यापासून तिचा डावा गुडघा दुखत होता, आणि गुडघ्यातली ती ठसठस हळूहळू वर चढत सगळ्या अंगाची झाली होती, म्हणजे झोपून उठलं तरी ठसठस आधीच उठलेली असायची.

आणि नेमका आजच हा प्रश्न यायचा होता. सकाळी नागपूरहून फोन आला होता. बातम्यांची एक वेबसाइट, तिथल्या संपादकबाई, आवाज गोड. टेबलावरचं काम. इतरांनी पाठवलेल्या बातम्या नीटनेटक्या करायच्या आणि पुढं सोडायच्या. खुर्ची, एसी, रविवार सुट्टी. अर्ज गंगीनंच केला होता, मे महिन्यातल्या एका दुपारी, फुफाट्यात उभं राहून घरी आल्यावर, चप्पलही न काढता. मग ती तो विसरूनही गेली होती. “संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगा, आम्हाला एक तारखेपासून माणूस हवंय,” असं बाई म्हणाल्या होत्या. हो म्हणायला काहीच अडत नव्हतं, हेच अडत होतं. खोली भाड्याची. सामान एका छोट्या टेम्पोत मावेल एवढं. पुसदकडच्या तांड्यावर भाऊ डोंगरसिंग, त्याचं बिऱ्हाड आणि म्हातारी आई, तिची याडी. त्यांना गंगी यवतमाळात काय आणि नागपुरात काय, दिवाळीला आली म्हणजे झालं. लग्न झालं नाही, ते का झालं नाही हे आता कोणी विचारतही नाही. तरी सकाळपासून तिच्या घशाशी एक ‘नाही’ येऊन बसला होता, आणि तो कशाच्या जोरावर येतोय हे तिला कळत नव्हतं. कोणी विचारलं असतं की इथं तुझं काय आहे, तर तिनं चटकन काही दाखवलं असतं असं तिला सकाळी वाटलं होतं. आता वामनरावांनी अगदी तेच विचारलं होतं, वर अर्धं मिनिट दिलं होतं, आणि तिला काही दाखवता येत नव्हतं.

ती पडद्यापुढंच एका प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकली आणि मनात शहरातून निघाली. दत्त चौक. दत्त चौक म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला फुलांचे हार दिसले असते; तिला कापडाचं दुकान जळालं त्या सकाळचा ओल्या राखेचा वास आला. आर्णी रोड. आर्णी रोडवरचा पूल, कठडा तुटलेला, खाली उलटलेली काळीपिवळी जीप आणि पांगलेल्या चपला. बसस्थानक, संपात अडकलेल्या बाळंतिणीची बातमी. पोस्टल ग्राउंड, उपोषण, उपोषण, परत उपोषण. धामणगाव रोडवरच्या झाडांखाली ऊन कसं पडतं हे तिला सांगता आलं नसतं, पण तिथं कोणतं झाड कोणत्या वादळात कोणाच्या अंगावर पडलं हे सांगता आलं असतं. तिच्याजवळ अख्खं गाव होतं, गल्लीबोळासकट, आणि त्यातला एकही कोपरा धड उरलेला नव्हता. शिंप्याच्या दुकानात सगळीकडं कापड असतं पण नेसायला काही नसतं, तसं. एके काळी असं नव्हतं. तांड्यावरून पहिल्यांदा इथं वसतिगृहात आली तेव्हा तिला इथले रस्त्यावरचे दिवे आवडले होते, संध्याकाळी एकदम लागायचे, कोणी न सांगता. ती खिडकीत उभी राहून वाट पाहायची. पण ते काय सांगायचं? दिवे कुठंही लागतात. आणि अलीकडं दिवा दिसला की तो बंद किती दिवस आहे हेच तिच्या डोक्यात येई.

शेवटी तिनं निळोणा घेतलं. धरण आहे, पाणी आहे, संध्याकाळ आहे. लोकांना पाणी आवडतं. ती उठली, मान ताठ केली, बंटीनं मोबाइलवर बोट ठेवलं आणि ती बोलू लागली. बोलणं छान झालं. निळोण्याचं पाणी, त्यावर उतरणारा मावळतीचा रंग, काठावर भेळ खाणारी कुटुंबं. वाक्यामागून वाक्य आलं, कुठं अडखळणं नाही. वामनराव मान डोलवू लागले. आणि शेवटी, श्वास सोडता सोडता, तिच्या जिभेनं आपलं आपणच वळण घेतलं. “कॅमेरामन हाफिज शेखसह मी गंगा राठोड, चावडी, यवतमाळ.”

सुरभी फसकन हसली आणि तिनं तोंडावर हात धरला. बंटीही हसला, पण बेतानं, कारण तो हाफिजच्या हाताखाली शिकलेला. ‘गंगा’ हे वामनरावांनी ठेवलेलं नाव; गंगी टीव्हीवर शोभत नाही, असं ते म्हणाले होते. आणि हाफिज शेख दोन वर्षांपासून चावडीत नव्हता. चॅनलनं मोठे कॅमेरे विकले, प्रत्येकाला मोबाइल आणि स्टँड दिला, आणि कॅमेरामन हे पदच राहिलं नाही. तेव्हापासून गंगी स्वतःच स्टँड रोवते, पुढं जाऊन उभी राहते, बोलते, मागं येऊन पाहते की डोकं कापलं गेलं की काय, आणि गेलं असेल तर परत जाऊन बोलते.

“व्हते व्हते,” वामनराव म्हणाले. “सवय हाय. पुन्हा घ्या.”

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच पाणी, तोच रंग, आणि शेवटी पुन्हा तेच नाव. या वेळी गंगीनं ते येताना पाहिलं होतं. वाक्य उतरणीला लागलं तेव्हा तिला कळलं होतं की खाली काय आहे, तिनं दात आवळायचं ठरवलं होतं, आणि नाव दातांमधून निघून गेलं. या वेळी कोणी हसलं नाही. तिच्या कानामागं घाम आला. दोन वर्षांत हे कधी झालं नव्हतं. किती बातम्या दिल्या तिनं या दोन वर्षांत, आगी, मारामाऱ्या, नाल्याचं पाणी घरात शिरलेलं. दर वेळी ‘मी गंगा राठोड’ असं सरळ सांगून मोकळी झाली. वाईट बातम्या ती एकटीनं सांगायला शिकली होती. चांगलं काही सांगायची वेळ दोन वर्षांत आज पहिल्यांदा आली होती, आणि ते एकटीनं कसं सांगायचं हे तिला येत नव्हतं.

“जेवून घ्या,” वामनराव एकदम मऊ आवाजात म्हणाले. “जेवून करू.” त्यांच्या त्या मऊ आवाजाचा तिला फार त्रास झाला.

डबा न उघडता ती गच्चीवर गेली. वर पाण्याची काळी टाकी होती आणि टाकीच्या सावलीत टेकायला एक सिमेंटचा ओटा होता. भादव्यातलं ऊन, अंगाला चिकटणारं. तिनं पाय लांब केला, गुडघा चोळला आणि हाफिजला आठवायचं नाही असं ठरवलं, म्हणजे आठवायला सुरुवात केली. तिला पहिल्यांदा त्याची मान आठवली. मोटरसायकलवर मागं बसलं की पुढं मान दिसायची, उन्हानं रापलेली, शर्टाच्या कॉलरची आतली बाजू नेहमी स्वच्छ, कारण मलिका, त्याची बायको, कॉलर घासल्याशिवाय शर्ट वाळत घालत नसे. दोघांच्या मध्ये कॅमेऱ्याची बॅग, तान्ह्या लेकरासारखी गंगीच्या मांडीवर. गावातून एक बाई आणि एक पुरुष मोटरसायकलवरून गेले तर लोक दोन दिवस चघळतात. पण मध्ये कॅमेरा असला की कोणी बोलत नाही, ते चॅनलवाले होतात. तांड्यावरची बाई आणि शेखांचा मुलगा, किती वर्षं असे हिंडले, घाटंजी, कळंब, पांढरकवडा, मुकुटबन, आणि कोणाला त्यात सांगण्यासारखं काही दिसलं नाही. नव्हतंच काही. तो तिला शेवटपर्यंत ‘राठोड म्याडम’ म्हणाला, ती त्याला हाफिजभाई म्हणाली. मलिकाच्या डब्यात तिच्यासाठी एक जास्तीची भाकर असायची. जाताना दोघं गप्प असत, कारण पुढं काय पाहायचंय हे माहीत असे. येताना तो बोलायचा. धुळीत तो आधी आपला दुपट्टा कॅमेऱ्यावर टाकायचा आणि मग तोंडाला रुमाल शोधायचा. “कॅमेऱ्याले सावली द्या म्याडम, आपलं काय, आपुन त वारंटीच्या बाहेर गेलो,” असं म्हणायचा. एकदा अपघाताच्या जागेवरून परत येताना त्यानं रस्त्याकडेला गाडी थांबवली, हँडलवर डोकं टेकलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. ती उतरून बाजूच्या कपाशीकडं पाहत राहिली. नंतर त्यानं किक मारली आणि पुढच्या टपरीवर बशीत चहा ओतून, फुंकर घालून घालून प्यायला. हे सगळं सांगण्यासारखं होतं का? हे यवतमाळ होतं का? तिला वाटलं, हेच असावं. आणि हे अर्ध्या मिनिटात, नवरात्रात, मंडळाच्या पडद्यावर, दोन जाहिरातींच्या मध्ये सांगता येण्यासारखं नव्हतं.

तिनं फोन लावला. बऱ्याच दिवसांनी लावला. हाफिज आता पांढरकवड्याला मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात होता, हैदराबादकडं जाणाऱ्या हायवेला लागून. फोन उचलला गेला तेव्हा आधी ट्रकचा भोंगा ऐकू आला, मग कंप्रेसरचा आवाज, मग तो.

“म्याडम? सब खैरियत? बोला बोला, टायर खोलून राह्यलो, पन बोला तुमी. गुडगा कसा हाय?”

“आहे तसाच. हाफिजभाई, आज एक गंमत झाली.”

तिनं सांगितलं. पहिल्यांदा नाव आलं ते, परत आलं ते, वामनराव कसे एकदम मऊ झाले ते. हाफिज हसला. मोठ्यानं, मोकळा, तो पूर्वी असा हसत नसे. पूर्वी कॅमेरा हलेल म्हणून तो नाकातल्या नाकात हसायचा. मग हसू ओसरलं.

“मलिकाले सांगतो,” तो म्हणाला. “लई खुश होईन.”

“तुम्हाला येते का हो आठवण? कामाची?”

“खरं सांगू का? रागावू नका.” त्यानं कोणाला तरी पाना आणायला सांगितलं आणि परत फोनवर आला. “नाई येत. पह्यले आली, लई आली, घरात कोनाशी बोललो नाई मी. आता नाई येत. तवा डोळा मिटला की पडलेले मानसं दिसत, म्याडम. रोज. तुमाले कधी सांगतलं नाई. आता डोळा मिटला की झोप लागते. टायर बरा. टायर रडत नाई.”

“चांगलं आहे मग,” गंगी म्हणाली. तिला खरंच चांगलं वाटलं. पण ती ज्या वाटेवरून आजवर मागं मागं जाऊन बसत होती, त्या वाटेवर तो नव्हताच. तो केव्हाच उठून निघून गेला होता, आणि ती एकटीच तिथं त्याची जागा राखून बसली होती, बसमध्ये रुमाल टाकून ठेवतात तशी.

“पन तुमी आवडती गोष्ट सांगतली कोनती?” त्यानं विचारलं.

“निळोणा.”

“निळोणा?” तो परत हसला. “झूट. तुमाले पान्याचं भेव. तुमी तिकडं कधी पाह्यलंच नाई. किती खेप गेलतो आपुन, पानी आटलं तवा गेलतो, भरलं तवा गेलतो, तुमी जाच्या, पाठ करून उभ्या राहाच्या, बोलाच्या अन् सरळ गाडीकडं.”

“पाठ करूनच उभं राहायचं असते ना हाफिजभाई. तुम्हीच तर हात करायचे, थोडं इकडं, थोडं तिकडं.”

“हाव, तेच म्हनतो. तुमची पाठच राहे सगळ्याइकडं. मले दिसे. अख्खं यवतमाळ मले तुमच्या मागंच दिसलं, धरन म्हना, चौक म्हना, आग म्हना. तुमी पुढं अन् गाव मागं.”

“मग मला काय दिसायचं?”

“तुमाले?” तो जरा थांबला. त्याला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नसावं, तो बहुधा नट पिळत होता. “तुमाले मी दिसो. अन् माह्यामागं जमलेले लोकं. दुसरं काय दिसन?”

गंगीला तो दिसला. उजवा डोळा कॅमेऱ्याला लावलेला, डावा गच्च मिटलेला, त्या मिटलेल्या डोळ्याभोवती सुरकुत्यांची जाळी, डावा हात हवेत, बोटांनी ‘थोडं सरका’ म्हणणारा. मागं काय जळत होतं, काय वाहून जात होतं, हे तिला पाठीला लागणाऱ्या धगीवरून किंवा कानात येणाऱ्या रडण्यावरून कळायचं. डोळ्यापुढं मात्र दर वेळी हाच एक डोळा मिटलेला माणूस असायचा. त्याच्याकडं बघून ती बोलायची. लोकांना वाटे ती त्यांच्याशी बोलतेय. इतकी वर्षं तिनं या गावाची प्रत्येक बातमी एका माणसाला सांगितली होती, जो आधीपासून तिथंच उभा होता आणि ज्याला सगळं तिच्यापेक्षा नीट दिसत होतं. हे तिला आज कळलं, आणि कळलं तेव्हा तो वीस कोसांपलीकडं टायरशी झटत होता, सुखानं झोपत होता, आणि त्याला हे सांगायची काही सोय नव्हती. सांगून तरी काय करायचं? त्याच्या झोपेत आपण कशाला जायचं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला एकदम रडू आलं. तिनं ते फोनपासून लांब होऊन गिळलं.

“म्याडम? कटला का फोन?”

“नाही. आहे मी. हाफिजभाई, मला नागपूरचं बोलावणं आलंय. टेबलावरचं काम आहे. संध्याकाळी सांगायचंय.”

“जा ना मंग,” तो म्हणाला.

इतक्या लवकर म्हणाला. टायर बदलायचा का असं ट्रकवाल्यानं विचारावं आणि यानं बदला म्हणावं, तितक्या लवकर. गंगीला वाटलं होतं, तो निदान ‘काहून’ म्हणेल, का जाता असं विचारेल. किंवा थोडा थांबेल. बऱ्याच वर्षांनी तिला कोणाच्या तरी थांबण्याची आशा वाटली होती, हेही तिला तो न थांबल्यावरच कळलं.

“जा,” तो परत म्हणाला, या वेळी जरा हळू. “गुडग्याचं पाहा. बसून काम म्हनजे मोठी गोष्ट हाय. इथं अजून किती दिवस उनात उभ्या राहान? अन् नागपूर काय दूर हाय? सगळ्या गाड्या तिकडूनच येतात इथं. कधी इकडं आल्या त थांबा दुकानावर, मलिका जेवू घातल्याशिवाय सोडनार नाई.” मग कोणीतरी त्याला हाक मारली, तो “आलो बे” म्हणाला, तिला “ठेवू का?” म्हणाला आणि तिनं ठेवा म्हटलं.

ती ओट्यावरून उठली आणि गच्चीच्या कठड्याशी गेली. समोर यवतमाळ होतं. घाई नव्हती, कोणी हात करून वळ म्हणत नव्हतं, तेव्हा तिनं ते पाहिलं. पत्र्यांची छपरं, काळ्यानिळ्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, मंडपासाठी उभे केलेले बांबू आणि त्यावर चढून दोर आवळणारी माणसं. लांब टेकड्या, अजून हिरव्या. एका गच्चीवर एक बाई तुरीची डाळ निवडत बसली होती आणि मधूनच रस्त्याकडं पाहून कोणाशी तरी भांडत होती. वाईट नव्हतं गाव. चांगलंही होतं असं तिला म्हणता येईना. कोण्या पाहुण्यानं पाहावं तसं तिनं ते पाहिलं, आणि पाहुण्याला जेवढं वाटतं तेवढंच तिला वाटलं. ती खाली आली, डबा उघडून चार घास खाल्ले आणि म्हणाली, “चला, घेऊन टाका.”

“निळोणाच का?” बंटीनं विचारलं.

“नाही.”

ती निळ्या पडद्यापुढं उभी राहिली. मोबाइलच्या मागं बंटी होता, त्याच्या खांद्यावरून सुरभी डोकावत होती, खुर्चीत वामनराव होते. गंगीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि बोलायला लागली. ती म्हणाली की बातमी देताना माझी पाठ नेहमी घटनेकडं असते, त्यामुळं या गावातलं जे तुम्ही पाहता ते मी फारसं पाहिलेलं नाही. मी पाहिलीत ती कॅमेऱ्यामागं जमणारी माणसं. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. कोणी न सांगता डोक्यावर छत्री धरणारी, बोलून संपायच्या आत तांब्याभर पाणी घेऊन उभी राहणारी, ‘बाई, कपाळाचा घाम पुसा’ असं खुणेनं सांगणारी. एकदा एका आजीनं, स्वतःचं घर पाण्यात असताना, मला बसायला पिढं आणून दिलं होतं. यवतमाळमधलं मला हे आवडतं. ती हे बोलत असताना त्या सगळ्या माणसांच्या अगदी पुढं, मधोमध, एक जागा होती. ती जागा तिनं बोलण्यातून वगळली. वाक्यं तिच्या कडेकडेनं नीट निघून गेली. “मी गंगा राठोड,” ती म्हणाली, “चावडी, यवतमाळ.”

“ओके,” बंटी म्हणाला. “एका दमात ताई. मस्त.”

“मी बी तेच म्हनलो होतो न,” वामनराव डोळे पुसत म्हणाले. “इथली मानसं.”

सुरभीनं टाळ्या वाजवल्या. गंगी पडद्यापुढून हलली नाही. माइक काढायचा होता, तिचा हात कॉलरशी जाऊन तसाच राहिला. जीभ या वेळी कुठं वळली नव्हती, तिला दातही आवळावे लागले नव्हते. जे दोनदा आपण होऊन आलं होतं ते तिसऱ्यांदा आलं नाही, आणि आता आणायचं म्हटलं तर ठरवून आणावं लागलं असतं. सकाळपासून घशाशी बसलेला तो ‘नाही’ तिनं चाचपून पाहिला. तोही तिथं नव्हता. तिला फार वाईट वाटलं, आणि फार दमल्यासारखं झालं, इतकं की तिनं खुर्ची ओढून घेतली.

मग जिन्यात जाऊन तिनं नागपूरला फोन लावला. संपादकबाईंनी लगेच उचलला.

“येते मी,” गंगी म्हणाली. “एक तारखेपासून.”

“अरे वा. छानच झालं. मला वाटलं तुम्ही विचार करायला आणखी वेळ मागाल. इतकी वर्षं तिथं काढलीत.” मग बाई आपुलकीनं म्हणाल्या, “घरी विचारलंत ना? घरच्यांचं काही नाही ना?”

“विचारलं,” गंगी म्हणाली. “जा म्हणाले.”